निवाड्याचा ठावठिकाणा

हिंगोली, कळमनुरी, वसमत, सेनगाव किंवा औंढा नागनाथ यांपैकी कोणत्याही तालुक्यातील शेतजमिनीचा सातबारा उतारा हाती घेतला, तर खातेदाराच्या नावाशेजारी लहानशा वर्तुळात किंवा कंसात लिहिलेला एक क्रमांक दृष्टीस पडतो. तो फेरफाराचा क्रमांक. हे नाव येथे वारसाने आले की खरेदीखताने, वाटणीपत्राने आले की न्यायालयाच्या हुकुमाने, हे सातबारा सांगत बसत नाही. ते गाव नमुना सहाच्या नोंदवहीत, त्या क्रमांकाखाली, तारीखवार आणि अधिकाऱ्याच्या प्रमाणनासह नमूद केलेले असते. शेतकरी कुटुंबातून कायद्याच्या अभ्यासाकडे वळलेल्या आपल्या जिल्ह्यातील विद्यार्थ्यास तळटिपेचे स्वरूप समजावून सांगावयाचे तर याहून सोयीचा दृष्टान्त मला सुचत नाही. निबंधातील विधानाच्या शेवटी ओळीच्या किंचित वर छापलेला तो बारीक अंक वाचकास एवढेच सांगतो की, हे विधान कोठून आले ते खाली नोंदलेले आहे आणि ज्याला शंका असेल त्याने तेथवर जाऊन खातरजमा करून घ्यावी.

इतर शास्त्रांतही तळटिपा असतात. परंतु इतिहासाच्या किंवा अर्थशास्त्राच्या ग्रंथात त्या बहुधा लेखकाच्या परिश्रमाची साक्ष देतात, तर कायद्याच्या लेखनात विधानाचे बळच मुळी त्याच्या उगमस्थानावर अवलंबून असते. 'कुळाचा हक्क वारसांकडे जातो' हे वाक्य विद्यार्थ्याचे स्वतःचे असेल तर ते केवळ मत होय. तेच वाक्य अधिनियमाच्या कलमाचे असेल तर तो कायदा होय. उच्च न्यायालयाचे असेल तर त्या राज्यातील कनिष्ठ न्यायालयांना ती नजीर होय. आणि सर्वोच्च न्यायालयाचे असेल तर संविधानाच्या अनुच्छेद १४१ अन्वये ते भारतातील सर्व न्यायालयांवर बंधनकारक होय. शब्द एकच, पण तळटीप बदलली की त्यांचे वजन बदलते. म्हणून महाविद्यालयीन निबंधात तळटिपेकडे शेवटच्या रात्री उरकावयाची औपचारिकता म्हणून पाहणारा विद्यार्थी आपल्या युक्तिवादाचा पायाच कच्चा ठेवीत असतो.

मराठवाड्यात तर या गोष्टीला आणखी एक परिमाण आहे, आणि त्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे मला अगत्याचे वाटते. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेने तो द्विभाषिक मुंबई राज्यात आला, आणि १९६० साली महाराष्ट्रात. एका सत्तेमागून दुसरी सत्ता आली, पण आधीच्या सत्तेचे सगळे कायदे त्याच दिवशी लयास गेले असे झाले नाही. जमीन महसुलाचा जो कायदा येथे दीर्घकाळ चालला, तो हैदराबाद जमीन महसूल कायदा १३१७ फसलीचा. त्याची जागा पुढे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिने घेतली. कूळवहिवाटीचा विषय घेतला तर गुंता अधिकच वाढतो. पश्चिम महाराष्ट्रात १९४८ चा मुंबई कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, विदर्भात १९५८ चा वेगळा अधिनियम, आणि मराठवाड्यात १९५० चा हैदराबाद कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, असे तीन कायदे एकाच राज्यात शेजारी शेजारी नांदत आले आहेत. हिंगोली जिल्ह्याच्या उत्तरेस वाशीम आणि यवतमाळ हे विदर्भाचे जिल्हे आहेत. पैनगंगा ओलांडून पलीकडच्या शिवारात पाऊल टाकले की मातीचा रंग तोच, पीक तेच, पण कुळाच्या हक्काचा कायदा निराळा.

आता कल्पना करा की, वसमत तालुक्यातील संरक्षित कुळासंबंधी निबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्याने पुण्यात प्रसिद्ध झालेले एखादे पाठ्यपुस्तक समोर ठेवले आणि तळटिपेत १९४८ च्या अधिनियमाचे कलम देऊन तो मोकळा झाला. त्याचे विवेचन कितीही सुरेख असो, ते दुसऱ्याच प्रदेशाविषयी ठरेल. कारण संरक्षित कुळास मालकी बहाल करणारी जी तरतूद मराठवाड्यात निर्णायक ठरते, ती हैदराबाद अधिनियमाच्या कलम ३८-ई मध्ये आहे. अधिनियमाचे नाव, वर्ष, कलम आणि पोटकलम ही चार अंगे तळटिपेत स्पष्ट लिहिण्याची ज्याला सवय आहे, त्याच्या हातून ही चूक होणे कठीण. कारण नाव पुरे लिहिताना 'हैदराबाद' की 'मुंबई' हा प्रश्न त्याच्यापुढे आपोआप उभा राहतो. 'कूळ कायदा, कलम अमुक' एवढेच लिहून थांबणाऱ्याला मात्र तो प्रश्न पडतच नाही.

फसली सनासंबंधीही हेच सांगता येईल. जुन्या कायद्याचे वर्ष १३१७ फसली असेल तर ते तसेच लिहावे, आणि वाचकाच्या सोयीसाठी कंसात इसवी सन द्यावा. दख्खनी फसलीत ५९० मिळवले की इसवी सन साधारणपणे निघतो, त्यामुळे १३१७ म्हणजे १९०७-०८ हे ध्यानात येते. परंतु फसली सन गाळून एकदम १९०७ चा कायदा असे लिहिणे म्हणजे त्या कायद्याचे नावच बदलणे होय, आणि बदललेल्या नावाने तो कोणत्याही दप्तरात सापडणार नाही. स्थलनामांचा नियमही हाच. हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा झाला तो १ मे १९९९ रोजी. त्यापूर्वीच्या एखाद्या निवाड्यात 'मौजे अमुक, तालुका कळमनुरी, जिल्हा परभणी' असा मजकूर असल्यास तो उद्धृत करताना परभणीच्या जागी हिंगोली घालण्याचा अधिकार आपल्याला नाही. आजचा जिल्हा कोणता हे सांगावेसे वाटले तर ते चौकोनी कंसात, आपला शब्द म्हणून, वेगळे दाखवावे. आणि १९५६ पूर्वीची नजीर हवी असेल तर मुंबई उच्च न्यायालयाच्या निर्णयांत नव्हे, हैदराबाद उच्च न्यायालयाच्या निर्णयांत तिचा शोध घ्यावा लागतो. ऑल इंडिया रिपोर्टरच्या त्या काळच्या खंडांत हैदराबादचा स्वतंत्र विभाग आहे.

निवाड्याची तळटीप कशी वाचावी, यासाठी आपल्याच भागाशी निगडित असे एक उदाहरण घेऊ. १९८१ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींनी राज्यपुनर्रचना अधिनियम, १९५६ च्या कलम ५१, पोटकलम (३) अन्वये, काही न्यायाधीशांनी औरंगाबाद येथेही बसावे असा आदेश काढला, आणि २७ ऑगस्ट १९८१ पासून तेथे काम सुरू झाले. या आदेशास आव्हान देण्यात आले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि त्या न्यायालयाने मुख्य न्यायमूर्तींचा हा अधिकार मान्य केला. पुढे १९८४ मध्ये तेथे कायम खंडपीठ झाले. हिंगोलीच्या पक्षकारास आज अपिलासाठी मुंबई गाठावी लागत नाही, याच्या मुळाशी हा निवाडा आहे. त्याचा ठावठिकाणा असा लिहितात: महाराष्ट्र राज्य वि. नारायण शामराव पुराणिक, (१९८२) ३ एससीसी ५१९. प्रथम पक्षकारांची नावे, नंतर कंसात वर्ष, मग त्या वर्षाच्या मालिकेतील खंडाचा क्रमांक, मग वृत्तमालिकेचे संक्षिप्त नाव, आणि शेवटी निवाडा ज्या पानावर सुरू होतो ते पान. तोच निवाडा दुसऱ्या मालिकेत एआयआर १९८३ एससी ४६ या ठिकाणी आहे. येथे अनेक विद्यार्थी गोंधळतात, कारण निर्णय १९८२ चा आणि वर्ष १९८३ चे. परंतु हे वर्ष निर्णयाचे नसून ज्या खंडात तो छापला त्या खंडाचे आहे, एवढे कळले की गोंधळ उरत नाही. ऑल इंडिया रिपोर्टरमध्ये वर्ष हेच खंडाची ओळख असते, म्हणून ते कंसाविना येते.

एकाच निवाड्याला दोन-तीन पत्ते का असावेत, हा प्रश्न साहजिक आहे, आणि त्याचे उत्तर आपल्या देशातील वृत्तमालिकांच्या इतिहासात आहे. सरकारी अधिकृत मालिकेसाठी १८७५ साली इंडियन लॉ रिपोर्ट्स ॲक्ट झाला आणि पुढल्या वर्षापासून ती मालिका निघू लागली. पण सरकारी काम धिमे, आणि वकिलांची निकड तातडीची. ती निकड खाजगी मालिकांनी भागवली. रतनलाल आणि धीरजलाल यांचा बॉम्बे लॉ रिपोर्टर १८९९ पासून मुंबईत निघू लागला. ऑल इंडिया रिपोर्टरचे खंड १९१४ पासूनचे आहेत, आणि व्ही. व्ही. चितळे यांनी उभारलेली ती संस्था नागपूरची, ही गोष्ट मराठी माणसाने अभिमानाने लक्षात ठेवावी अशी आहे. ज्या काळी तार आणि टपाल याखेरीज साधन नव्हते, त्या काळी देशभरातील उच्च न्यायालयांचे निर्णय एका ठिकाणी जमवून, त्यांची सूची करून, लहानशा गावच्या मुन्सफ कोर्टातील वकिलाच्या टेबलापर्यंत पोहोचवण्याचे काम नागपुरातून झाले. लखनौची सुप्रीम कोर्ट केसेस (एससीसी) ही मालिका १९६९ ची. प्रत्येक मालिकेची पाने वेगळी, म्हणून पत्तेही वेगळे.

या व्यवस्थेतली अडचण अशी की, ज्याच्याजवळ ती विशिष्ट मालिका नाही त्याला तो पत्ता निरुपयोगी. इस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक या प्रकरणात, (२००८) १ एससीसी १, सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की न्यायाधीशाने लिहिलेला मूळ निवाडा सर्वांचा आहे, परंतु संपादकांनी स्वतःच्या कौशल्याने केलेली परिच्छेदांची विभागणी व क्रमांकन, आणि त्यांनी निवाड्याच्या आरंभी लिहिलेली सारांशवजा शीर्षटीप यांवर त्यांचा हक्क आहे. म्हणजे मजकूर सार्वजनिक, पण त्यातील नेमक्या जागेकडे बोट दाखवण्याची खूण खाजगी. यावर उपाय म्हणून २०२३ पासून सर्वोच्च न्यायालयाने आपल्या प्रत्येक निर्णयास तटस्थ क्रमांक देण्यास आरंभ केला: वर्ष, 'आयएनएससी' ही खूण आणि अनुक्रमांक. मुंबई उच्च न्यायालयाच्या क्रमांकांत खंडपीठाचीही खूण असते, औरंगाबादची 'एयूजी'. अशा क्रमांकाचे मोल आपल्या जिल्ह्याला निराळ्या मार्गाने ठाऊक असावयास हवे. संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून सेनगावच्या वाटेवरील ज्या नरसीची ख्याती आहे, त्या नामदेवांची ६१ पदे गुरू ग्रंथसाहिबात आहेत. आणि त्या ग्रंथाच्या छापील प्रतींची पृष्ठसंख्या सर्वत्र १४३० अशीच राखलेली असल्यामुळे केवळ पानाचा आकडा सांगितला की अमृतसर, नांदेड किंवा लंडन कोठेही तेच पद उघडते. उलट नामदेवांच्या मराठी गाथेतील अभंगाचा क्रमांक आवृत्तीगणिक बदलतो, म्हणून तेथे आवृत्तीचे नाव दिल्यावाचून क्रमांकाला अर्थ नाही. निवाड्यांच्या बाबतीत आपण इतकी वर्षे गाथेच्या स्थितीत होतो.

पत्ता बरोबर लिहिला म्हणजे काम संपले असेही नाही. केशवानंद भारती विरुद्ध केरळ राज्य, (१९७३) ४ एससीसी २२५, हा २४ एप्रिल १९७३ चा निवाडा तेरा न्यायाधीशांचा. त्यात अकरा स्वतंत्र निकालपत्रे आहेत, शेकडो पाने आहेत, आणि बहुमत सात विरुद्ध सहा असे काठावरचे आहे. त्यातील एखादे वाक्य उद्धृत करून खाली केवळ पान २२५ लिहिणे म्हणजे वाचकास वेशीवर सोडून परत फिरणे होय. ते वाक्य कोणत्या न्यायमूर्तींचे, कोणत्या परिच्छेदातले, आणि ते बहुमताच्या बाजूचे की विरोधी मताचे, हे सांगितले पाहिजे. नाहीतर विरोधी मतातील वाक्य कायदा म्हणून सादर होते. निवाड्याचे पुढे काय झाले हेही सांगणे तितकेच आवश्यक आहे. आणीबाणीतील एडीएम जबलपूर विरुद्ध शिवकांत शुक्ला, (१९७६) २ एससीसी ५२१, या निर्णयातील बहुमत पुट्टस्वामी प्रकरणात, (२०१७) १० एससीसी १, सर्वोच्च न्यायालयाने रद्दबातल ठरवले, तर त्याच जुन्या प्रकरणातील न्यायमूर्ती खन्ना यांचे एकाकी विरोधी मत प्रतिष्ठित झाले. १९७६ चा पत्ता अचूक असूनही, रद्द झाल्याची नोंद जिच्यात नाही ती तळटीप वाचकाची दिशाभूल करते.

शीर्षटिपेसंबंधी एकच गोष्ट सांगतो, पण ती आग्रहाने. निवाड्याच्या आरंभी छापलेला सारांश संपादकाचा असतो, न्यायालयाचा नव्हे. तो वाचून निवाडा उघडावा की नाही हे ठरवावे. त्यातले वाक्य न्यायालयाच्या तोंडी घालू नये.

दुसऱ्याच्या पुस्तकात वाचलेला संदर्भ स्वतः पाहिल्यासारखा लिहिणे ही विद्यार्थ्यांत फार पसरलेली सवय आहे. पाठ्यपुस्तकात एखाद्या निवाड्याचे एक वाक्य आणि त्याखाली पत्ता आढळतो. विद्यार्थी वाक्यही उचलतो आणि पत्ताही, आणि पाठ्यपुस्तकाचे नाव गाळतो. पुस्तकात छपाईच्या चुकीने ५१९ चे ५९१ झाले असेल तर ती चूक एका निबंधातून दुसऱ्या निबंधात वारसाहक्काने चालू राहते. प्रामाणिक मार्ग सरळ आहे: मूळ पाहिले असेल तर मूळ द्यावे; नसेल पाहिले तर 'अमुक पुस्तकाच्या अमुक पानावर उद्धृत' असे लिहावे. असे लिहिण्यात कमीपणा नाही. संदर्भाच्या बाबतीत किती कठोर असता येते, याचा आदर्श मराठी विद्यार्थ्याला परका नाही. मुंबई उच्च न्यायालयात वकिली केलेल्या महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांनी १९३० ते १९६२ या काळात पाच खंडांत प्रसिद्ध केलेला धर्मशास्त्राचा इंग्रजी इतिहास उघडावा. त्याच्या असंख्य पानांवर वरचे विवेचन आटोपशीर आणि खालच्या टिपा भरघोस असे दिसते. स्मृतीचे मूळ वचन, टीकाकाराचा शब्द, आणि ते कोठे सापडेल याचा निर्देश असे सारे साहित्य त्यांनी वाचकापुढे मांडून ठेवले, अशासाठी की ज्याला त्यांचा निष्कर्ष मान्य नसेल त्याला त्यांच्याच टिपांच्या आधारे त्यांच्याशी वाद घालता यावा. १९६३ साली त्यांना भारतरत्न मिळाले. वकिली आणि विद्वत्ता यांचा असा संगम क्वचितच झाला असेल.

मराठीतून निबंध लिहिणाऱ्यांपुढे एक विशेष प्रश्न असतो. अनुच्छेद ३४८ मुळे उच्च व सर्वोच्च न्यायालयांचे मूळ निवाडे इंग्रजीत असतात. त्यातील उतारा मराठीत देताना तो अधिकृत भाषांतरातून घेतला की स्वतः केला, हे टिपेत सांगावे. कारण अवतरणचिन्हांत ठेवलेले शब्द न्यायाधीशाचे समजले जातात, आणि आपले भाषांतर हे अखेर आपले आकलन असते. मधला मजकूर गाळला तर तीन टिंबे द्यावीत, आणि एखाद्या शब्दावर आपण जोर दिला असेल तर तसे नमूद करावे.

पद्धती अनेक आहेत. अमेरिकेत १९२६ पासून चालत आलेले ब्लूबुक, इंग्लंडात ऑक्सफर्डची ऑस्कोला, आणि आपल्याकडे दिल्लीच्या इंडियन लॉ इन्स्टिट्यूटचे तळटिपांचे नियम. ऑस्कोलात ग्रंथाचा पृष्ठांक प्रकाशनाच्या कंसानंतर येतो, इन्स्टिट्यूटच्या पद्धतीत कंसाआधी. असे भेद पुष्कळ आहेत आणि ते गौण आहेत. प्राध्यापकांनी जी पद्धत नेमून दिली असेल ती घ्यावी, आणि पहिल्या टिपेपासून शेवटच्या टिपेपर्यंत तीच राखावी. मात्र 'तत्रैव' आणि 'पूर्वोक्त' या दोन शब्दांविषयी सावध राहावे. 'तत्रैव' म्हणजे लगतच्या वरच्या टिपेतील ग्रंथ, 'पूर्वोक्त' म्हणजे त्याआधीच्या एखाद्या टिपेतील. संगणकावर लिहिताना मध्येच एखादी नवी टीप घातली की असा शब्द भलत्याच ग्रंथाकडे बोट दाखवू लागतो आणि लेखकाला त्याचा पत्ताही लागत नाही. यास्तव मसुदा चालू असताना संदर्भाचे लहान नाव लिहीत जावे, आणि हे शब्द अगदी शेवटी घालावेत.

जुन्या निवाड्यांचा आधार घेताना सध्या आणखी एक दक्षता हवी. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आणि पुरावा अधिनियमाच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम अमलात आले. खुनाच्या शिक्षेचे कलम ३०२ होते, ते आता १०३ आहे. इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे ६५-बी होते, ते आता ६३ आहे. निवाडा जुन्या कलमाखालचा असेल तर तळटिपेत जुनेच कलम ठेवावे आणि आजचे कलम कोणते ते पुढे लिहावे. दोन्हींच्या शब्दांत फरक असेल तर तोही सांगावा, कारण आकडा बदलला की केवळ आकडाच बदलला असे गृहीत धरता येत नाही.

आणि संगणकाने रचलेल्या निवाड्यांचा धोका नवा आहे. न्यूयॉर्कमध्ये माटा विरुद्ध अव्हियांका या खटल्यात वकिलांनी चॅटजीपीटीकडून मिळालेले निवाडे न शोधता न्यायालयापुढे ठेवले. पक्षकार, वर्ष, खंड, पान सारे यथासांग होते, पण असे निवाडे कधी झालेच नव्हते. जून २०२३ मध्ये न्यायालयाने त्यांना ५,००० डॉलर दंड केला. पत्त्याचा आकार बरोबर असणे आणि पत्त्यावर घर असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पूर्वी ग्रंथालय दूर आहे ही सबब चालत असे, आणि हिंगोलीसारख्या ठिकाणी ती बऱ्याच अंशी खरीही होती. परंतु आता सर्वोच्च न्यायालयाचे अधिकृत सुप्रीम कोर्ट रिपोर्ट्स ई-एससीआर या नावाने २०२३ पासून विनामूल्य उपलब्ध आहेत, आणि हातातल्या भ्रमणध्वनीवर ते उघडतात. निबंध दाखल करण्यापूर्वी एक संध्याकाळ केवळ याच कामासाठी राखून ठेवावी: विवेचनाकडे न पाहता पहिल्या टिपेपासून आरंभ करावा, प्रत्येक निवाडा मूळ ठिकाणी उघडावा, पक्षकारांची नावे, वर्ष आणि परिच्छेद ताडून पाहावेत, उद्धृत वाक्य शब्दशः तेथे आहे की नाही हे पाहावे, आणि जे मूळ कोठेच सापडले नाही त्यावर उभे असलेले विधान, ते कितीही आवडते असले तरी, निबंधातून काढून टाकावे.